थंडी पडली अन् सोलरचं पाणी कोमट. गिझर, बंब, सगळंच रडतंय. आधी काय तपासायचं?

पूर्णाकाठ

गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे खारपाणपट्टा, इथं जमिनीतलं पाणीच खारं. स्लॅबवर २०० लिटरचा ईटीसी (निर्वात काचेच्या नळ्यांचा) सोलर आहे: ५८ मिमी बाय १८०० मिमीच्या २० नळ्या, चार वर्षं जुना. टाकीत २ किलोवॉटचा बॅकअप हीटर. न्हाणीत १५ लिटरचा गिझर, तोही २ किलोवॉटचा. मागे सांदवाडीत तांब्याचा बंब. सोलरला आणि गिझरला बोअरचं पाणी. घरात सहा माणसं.

दिवाळीपर्यंत सकाळी हात पोळेल असं पाणी यायचं. आता सकाळी सहाला थर्मामीटर ३५ दाखवतो. दुपारी चारला तेच पाणी ५५ असतं. गार पाणी १६. कापसाची वेचणी सुरू आहे, त्यामुळे संध्याकाळी वावरातून आल्यावर चार जणांच्या अंघोळी होतात, मिळून सहाएक बादल्या. सोलरचा बॅकअप लावला की आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) पडतो. गिझरला पाऊण तास लागतो. सकाळी व्होल्टेज १७५ ते १८० असतं. बंब पेटवला तर न्हाणीभर धूर. विकणारा म्हणतो हे काढा आणि अँटिफ्रीझवालं (न गोठणाऱ्या द्रवाचं) नवीन बसवा. क्रमानं काय पाहू?

छतावरचा

तुम्ही दिलेल्या आकड्यांतच अर्धं उत्तर आहे. २० लिटरची बादली ४२ अंशांची करायला ५५ चं गरम पाणी साधारण १३ लिटर लागतं, बाकीचं गार. सहा बादल्या म्हणजे ८० लिटर गरम पाणी गेलं. जेवढं गेलं तेवढंच १६ अंशांचं पाणी लगेच खालून टाकीत शिरलं. आता १२० लिटर ५५ चं आणि ८० लिटर १६ चं एकत्र झालं की ३९ होतात. रात्रभरात चार अंश उतरले की सकाळी ३५. सूर्य मावळल्यावर शिरलेलं गार पाणी दुसऱ्या दिवशीच तापणार. सोलर बिघडला नसला तरी हे होणारच. दिवाळीच्या वेळी गार पाणी २५ च्या आसपास होतं आणि संध्याकाळी कोणी गरम पाणी घेत नव्हतं, म्हणून तेव्हा जाणवलं नाही.

तेव्हा पहिला उपाय फुकटाचा: वेचणी संपेपर्यंत संध्याकाळच्या अंघोळी बंबावर, सकाळच्या सोलरवर. दोन दिवस असं करून संध्याकाळी सहाचं आणि सकाळी सहाचं तापमान लिहून ठेवा. एक थेंबही न काढता पाच-सात अंश उतरले तर टाकी ठीक आहे. दहाच्या वर उतरले तर टाकीचं पफ (ऊब धरणारा फोमचा थर) ओलं झालंय, नाहीतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) उघडा राहून गरम पाणी गार टाकीकडे मागे सरकतंय. हे ओळखायला दुपारी एकच्या सुमारास, कोणी पाणी वापरत नसताना, सोलरमध्ये येणाऱ्या गार पाइपला हात लावा. सोलरला लागून चार-सहा इंच कोमट असेल तर चालतं. दोन फुटांपलीकडेही गरम लागला तर व्हॉल्व्ह गेला. खारपाण्यात त्याच्या झडपेवर क्षार बसतो आणि ती पूर्ण मिटत नाही.

दुसरी चोरी मिक्सरची. न्हाणीत गरम-गारचा एकत्र नळ असेल, त्याच्या दोन्ही चाव्या उघड्या आणि पुढचा हँडशॉवर बंद असेल, तर आतल्या आत गार पाणी गरम लाइनीत घुसतं. तपासणी सोपी आहे. सोलरचा गार पाण्याचा कॉक बंद करा आणि न्हाणीतला गरम नळ उघडा. बहुतेक टाक्यांत गरम पाइप वरच्या अंगाला असतो, त्यामुळे थोडं पाणी येऊन धार थांबली पाहिजे. धार चालूच राहिली तर ते पाणी मिक्सरमधून येतंय.

मग नळ्या. प्रत्येक नळीच्या खालच्या टोकाला आत चंदेरी आरसा दिसतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर त्या नळीची निर्वात पोकळी संपली. अशी नळी उन्हात बाहेरून हाताला गरम लागते. चांगली नळी बाहेरून गारच असते. वीसपैकी दोन-तीन गेल्या तरी टाकी रात्री त्याच वाटेनं थंड होते.

सावलीही पाहा. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास आपल्याकडे भर दुपारी सूर्य ४५ अंशांपर्यंतच चढतो, म्हणून तीन फुटांच्या कठड्याची सावली तीन फूट पडते. सकाळी साडेनऊला तीच पावणेदोनपट. उन्हाळ्यात नळ्यांना न शिवणारा शेजारचा कडुनिंब या दिवसांत सकाळचे दोन तास खाऊन टाकतो. तोंड दक्षिणेला हवं आणि उतार ३० ते ३५ अंश. आणि गावात थ्रेशर चालला की भुश्याचा थर बसतोच. दहा-पंधरा दिवसांतून एकदा, ऊन चढायच्या आधी, ओल्या फडक्यानं पुसा. तापलेल्या नळीवर गार पाणी मारू नका, काच तडकते.

अँटिफ्रीझचं म्हणाल तर गरज नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता, तरी पाणी गोठायला शून्य लागतं आणि नळीच्या दोन काचांमधली पोकळी थंडीला अडवते. चिखलदऱ्याच्या पठारावर एखाद्या पहाटे दहिवर गोठतं, तिथेही उघड्या पातळ पाइपला गुंडाळणं पुरतं.

त्यापेक्षा छतापासून न्हाणीपर्यंतचा पाइप पाहा. पाऊण इंची सीपीव्हीसीत (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपात) मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. १५ मीटर पाइप म्हणजे दर वेळी चार लिटर गार पाणी आधी सोडावं लागतं, आणि नंतर तेवढंच गरम पाणी पाइपात पडून थंड होतं. नायट्राइल रबरची नळी चढवा आणि वरून ऊन लागू नये म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळा. उघडी ठेवली तर उन्हानं दोन वर्षांत भुगा होतो. अंघोळी एकामागून एक उरकल्या तर तेही नुकसान निम्मं होतं.

बोअरवाला

एवढं कशाला करता? खारपाण्याचा क्षार आहे तो. संडास धुवायचं ॲसिड एक लिटर टाकीत ओता, अर्ध्या तासानं सोडून द्या. मोकळं.

वायरमन अकोट

हे अजिबात करू नका. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. स्टीलच्या टाकीचे वेल्डिंगचे सांधे क्लोराइडनंच खाल्ले जातात. खारपाण्यात ते काम आधीच हळूहळू चालू असतं, तुम्ही ते अर्ध्या तासात उरकाल. टाकी तेव्हा फुटत नाही, पावसाळ्यात सांध्यातून घाम यायला लागतो आणि पफ भिजतं.

क्षार काढायला सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल. एका लिटरला ५० ग्रॅम. ५८ मिमीच्या एका नळीत पावणेतीन लिटर पाणी मावतं. १५ लिटरच्या बादलीत पाऊण किलो विरघळवा, पाच नळ्या भरा, फसफस थांबेपर्यंत तास-दोन तास सावलीत उभ्या ठेवा, मग तेच पाणी पुढच्या पाच नळ्यांत. दुसऱ्या फेरीनंतर जोर कमी होतो, तेव्हा नवीन करा. आतून घासायला लांब काठीला बांधलेला मऊ ब्रश घ्या, तारेचा नको.

नळ्या काढायच्या त्या पहाटेच. आधी गार पाण्याचा कॉक बंद करा, टाकी रिकामी करा, मग नळी गोल फिरवत वर सरकवून खालच्या कपातून सोडवा. बसवताना सिलिकॉनच्या रिंगला साबणाचं पाणी लावा. कोरडी घुसवली तर रिंग मुडपते आणि तिथून गळतं. रिकामी नळी उन्हात पडू देऊ नका. ती आतून २०० अंशांच्या वर तापते, आणि त्यात गार पाणी गेलं की खल्लास. ऊन चढल्यावर काम उरकलं तर नळ्यांवर गोणपाट टाका आणि पाणी सूर्य मावळल्यावर भरा.

वर आहातच तर टाकीचा हवेचा पाइपही पाहून घ्या. त्याचं तोंड गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर आणि उघडं हवं. कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. तोंड बुजलं की पाणी निघताना आत पोकळी होते आणि टाकी पत्र्याच्या डब्यासारखी चेपते. जाळी लावा, बूच नको.

आता विजेचं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होते. २३० वर २००० वॉट देणारं कॉइल १८० वर १२०० वॉटच देतं. १५ लिटर पाणी १६ वरून ६० ला न्यायला पाऊण युनिटच्या थोडी जास्त वीज लागते. २३० वर तेवीस मिनिटं, १८० वर अडतीस. कॉइलवर खपली असेल तर आणखी. म्हणजे तुमचा पाऊण तास बऱ्याच अंशी व्होल्टेजचाच आहे. यानं कॉइल खराब होत नाही आणि युनिटही वाढत नाहीत, फक्त वेळ लागतो. गिझरसाठी स्टॅबिलायझर घेऊ नका. २ किलोवॉटला पेलणारा स्टॅबिलायझर महाग पडतो आणि तो व्होल्टेज वाढवायला लाइनमधून उलट जास्त करंट ओढतो. सगळं गाव साडेपाच ते साडेसात रॉड लावून बसतं, तुम्ही पाचला गिझर लावा.

एक मात्र वेगळं ओळखायचं: दिवा कधी मंद, कधी एकदम लख्ख होत असेल तर ते लो-व्होल्टेज नाही. डीपीचा (गावातल्या ट्रान्सफॉर्मरचा) किंवा खांबावरचा न्यूट्रल सैल झालाय. तो सुटला तर घरात ३०० च्या वर व्होल्टेज येऊ शकतं. मेन बंद करा आणि लाइनमनला बोलवा, स्वतः खांबावर चढू नका.

आरसीसीबी पडतो तो बॅकअपच्या कॉइलमुळे असावा. मेन बंद करून कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवा आणि मल्टीमीटर लावा. दोन टोकांत २६ ओहमच्या आसपास आलं पाहिजे, २ किलोवॉटचं तेवढंच असतं. मग एक टोक आणि टाकीची बॉडी यांच्यात पाहा. तिथे काहीच यायला नको. काही किलोओहम दाखवलं तर कॉइलचं कवच चिरलंय. आरसीसीबी पडतो म्हणून तो काढून थेट जोडणारे गावोगाव आहेत. ओल्या न्हाणीत असं करणं म्हणजे जीवाशी खेळ.

तुराटी

बंबाले नावं ठेवू नका राजेहो. धूर येते तो बंबाच्या दोषानं नाही, हवा न मिळाल्यानं येते.

बंबाच्या मधल्या नळीत काजळी बसली की ओढ मरते. दर आठ-दहा दिवसांनी नळी थंड असताना वरून काठीले गोणपाट गुंडाळून खालीवर करा, खालच्या जाळीतली राखड रोज काढा. राखेचं दार दोन बोटं उघडं ठेवा. पूर्ण उघडलं तर पऱ्हाटी (कपाशीच्या वाळल्या काड्या) भडभड जळून सगळी ऊब वरून निघून जाते. बंद केलं तर धुमसते. ओली बाभूळ तर घालूच नका, तिचं डांबर नळीत चिकटते अन् मग खरवडावं लागते.

पेटवायचं कसं? खाली तुरीचं धसकट, वर वितभर तोडलेल्या तुराट्या (तुरीच्या काड्या), ताव धरला की पऱ्हाटी. चाळीस लिटर पाण्याले दीड-दोन किलो वाळलं जळण पुरते. गोवरी शेवटी एखादी, पाणी गरम राहाले. पऱ्हाटीवर राहिलेली कवडीची (किडकी) बोंडं आधी जाळून टाका. त्यात गुलाबी बोंडअळी दडून असते, अन् गंजी उन्हाळाभर घराजवळ राहिली की पुढच्या कपाशीवर तीच उतरते. साठवायची तर तुराटी साठवा.

पाणी भरल्याबिगर जाळ घालायचा नाही, झाळ वितळून बंब बसते. गरम पाणी काढलं तितकंच गार वरून ओता. बादलीत आधी गार, मंग गरम; घरात लेकरं असली तर हे पक्कं. अन् बंब न्हाणीत ठेवू नका, बाहेर टिनाच्या छपरीत ठेवा. पाणी बादलीनं आत न्यावं लागते, तेवढा तरास चालते.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे आभार. आज पाहिलेलं लिहितो. गार पाइप सोलरपासून तीन फूट गरम लागतो. तीन नळ्यांची बुडं पांढरी आहेत. मिक्सर ठीक आहे, धार थांबली. कॉइलच्या दोन टोकांत २७ ओहम, टोक ते बॉडी ४ किलोओहम. दिवा मंद असतो पण उसळत नाही. आणखी दोन प्रश्न: सॉफ्टनर बसवला तर खारपाण्याचा त्रास जाईल का? आणि आईबाबांच्या टिनाच्या खोलीत रात्री कोळशाची शेगडी ठेवतो, ते बरोबर आहे ना?

वायरमन अकोट

शेगडी आज रात्रीपासून बंद करा, बाकीचं नंतर. लालबुंद कोळशाला धूर नसतो म्हणून ती निर्धोक वाटते, पण बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप लागते, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. खिडकीची फट ठेवली म्हणून झोपताना शेगडी चालत नाही. जागेपणी दार उघडं ठेवून शेका आणि निजायच्या आधी अंगणात नेऊन ठेवा. गॅस गिझर घ्यायचा विचार असेल तर त्यालाही हाच नियम: तो न्हाणीच्या बाहेर लावायचा, आत फक्त पाइप.

टिनाची खोली गार पडते ती वरून आणि भिंत-पत्र्याच्या फटीतून. पत्र्याखाली सहा इंच सोडून थर्माकोल किंवा पीव्हीसीचं सीलिंग घाला आणि वाऱ्याच्या बाजूची फट मातीनं लिंपा. मग तेलाचा हीटर थर्मोस्टॅटवर चालतो. त्याला १६ अँपिअरचं वेगळं सॉकेट आणि २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर द्या. एक्स्टेंशन बोर्डवर लावला तर प्लगची पिन सैल होऊन जळते. थर्माकोल असेल तर शेगडी आणि उघडा जाळ त्या खोलीत कधीच नको.

कॉइल: ४ किलोओहम म्हणजे २३० ला ५७ मिलिअँपिअरची गळती. आरसीसीबी ३० ला पडतो, म्हणजे तो त्याचं काम चोख करतोय. नवं कॉइल आणायच्या आधी टोपण उघडून टोकांवरची ओल आणि पांढरा क्षार पुसा, दिवसभर वाळू द्या आणि पुन्हा मोजा. कधीकधी गळती ओलीचीच असते. आकडा तोच राहिला तर कॉइल बदला. तांब्याच्या कवचाचं घेऊ नका, इन्कोलॉयचं (न गंजणाऱ्या निकेल-मिश्रधातूचं) मागा, सोबत नवं गॅस्केट. गिझरमधला मॅग्नेशियमचा रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजतो तो) त्याच दिवशी काढून पाहा. खारपाण्यात तो लवकर झिजतो. आतली तार उघडी पडली असेल तर लगेच बदला, आणि नंतर दर सहा महिन्यांनी पाहत जा. थर्मोस्टॅट ५५ ते ६० वर ठेवा. त्यापुढे क्षार झपाट्यानं बसतो. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना चार थेंब पडतात ते पडू द्या, त्याला खुंटी मारू नका.

छतावरचा

सॉफ्टनरनं खपली धरणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम जातं, मीठ जात नाही. कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) तेवढाच राहतो आणि क्लोराइड टाकीला खातच राहतं. तुमच्याकडे शहानूर धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी येत असेल तर सोलर आणि गिझर दोन्ही त्यावर टाका. त्यासाठी ५०० लिटरची एक वेगळी टाकी बसवा. तिचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्याहून फूटभर तरी वर हवा, नाहीतर सोलर पूर्ण भरत नाही. सोलरचा हवेचा पाइपही नव्या टाकीच्या पातळीच्या वर न्यावा लागेल. बोअर भांड्यांना, जनावरांना.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पितळी घ्या, पाऊण इंची. त्यावरचा बाण सोलरकडे हवा. उलटा बसवला तर पाणीच येत नाही. वरून पडणाऱ्या पाण्याला जोर कमी असतो, म्हणून कडक स्प्रिंगचा नको, झुलत्या झडपेचा घ्या आणि तो आडव्या पाइपात बसवा, झाकण वरच्या अंगाला. त्याच्या दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे जोड) टाका, म्हणजे वर्षातून एकदा खोलून लिंबूफुलात भिजवता येतो. नळ्या तीनच बदला, सगळ्या वीस बदलायला लावणाऱ्याचं ऐकू नका. मात्र लांबी आणि जाडी तीच हवी; ४७ मिमीची नळी या टाकीच्या भोकात सैल बसते. जोडीला दोन-तीन रिंगा जास्तीच्या आणा, जुन्या काढताना फाटतात.

तुराटी

अन् शेगडीचा उरलेला कोळसा बंबात घालजा, पण पऱ्हाटीचा जाळ चांगला धरल्यावर. एकट्या कोळशाले बंबात ओढ पुरत नाही.